पोशीरचे इनामदार

सरकारी नोकरीतली अशी एकही खुर्ची नाही, जिच्यावर आमचे दाजी बसले नाहीत. तीनदा ते कलेक्टर झाले, सात-आठ वेळा फौजदार, एकदा सिव्हिल सर्जन, आणि न्यायाधीश किती वेळा झाले याची मोजदाद त्यांनी स्वतःच सोडून दिली होती. एवढ्या बढत्या मिळालेला माणूस कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांत दुसरा झाला नसेल. यातली कुठलीही नेमणूक साडेतीन मिनिटांच्या वर टिकली नाही, ही गोष्ट वेगळी. कलेक्टर म्हणून त्यांनी केलेला सर्वांत प्रदीर्घ कारभार "फाईल ठेवून जा" एवढा होता. आणि तोही पडद्यावर आला तेव्हा "फाईल ठेवून" इतकाच उरला होता, कारण "जा" म्हणायच्या आत नायिका दारातून आत शिरली आणि कॅमेरा तिच्याकडे वळला. दाजींनी त्या नायिकेला कधीच क्षमा केली नाही. पुढे ती बाई मोठी झाली, कॅलेंडरांवर झळकली, तरी आमच्या घरात तिचा उल्लेख "ती माजा 'जा' खानारी" असाच होत असे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. आम्ही लोधिवलीचे, ते पोशीरचे. लग्नात मी इतका लहान होतो की मला नवरदेवापेक्षा त्यांच्या डोक्यावरचा फेटा जास्त आठवतो. तेव्हा त्यांच्यात नटाची काही लक्षणं नव्हती. नेरळला एका भाताच्या गिरणीत ते पोती मोजायला होते आणि नाकासमोर चालत होते. मग एके दिवशी गिरणीचा पट्टा तुटला. मालकाने नवा पट्टा आणायला यांना कर्जतला धाडलं. तिथे नदीच्या पात्रात कुठल्याशा सिनेमाचं शूटिंग चाललं होतं आणि ज्याने प्रेत व्हायचं कबूल केलं होतं तो माणूस उन्हाला कंटाळून पळून गेला होता. दिग्दर्शक बघ्यांमधून नवं प्रेत शोधत होते. पट्टा खांद्यावर टाकून, पापणी न हलवता बघत उभे असलेले दाजी त्यांच्या नजरेत भरले. दाजी तापलेल्या खडकांवर दुपारभर पडून राहिले. मानेवर मुंगळे चढले, चावले, तरी ते हलले नाहीत. दिग्दर्शक म्हणे खूश होऊन म्हणाले, "इतका मेलेला माणूस मी आजवर पाहिला नाही." आयुष्यात मिळालेलं हे पहिलं कौतुक दाजींच्या इतकं डोक्यात शिरलं की पट्टा तिथेच पात्रात राहिला, गिरणी दोन दिवस बंद पडली आणि तिसऱ्या दिवशी मालकाने त्यांना घरी बसवलं. एका प्रेताने अशा रीतीने स्वतःची चांगली चाललेली नोकरीही मारली.

तिथून पुढे तीस वर्षं दाजी मुंबईला जात आणि कोणीतरी होऊन येत. अडचण ही होती की तिथे ते जे काही होत, ते उतरवून ठेवायची सोय स्टुडिओत नसावी. सगळं अंगावर घेऊनच ते घरी परतत. हवालदाराचं काम असलं की आठवडाभर त्यांची चाल बदले; पोट पुढे, हात मागे, आणि बोलणं सगळं "काय रे, ए" असं. असंच एकदा ते लोधिवलीला आमच्याकडे आले असताना रस्त्यावर फिरायला म्हणून गेले आणि जुन्या हमरस्त्याच्या मधोमध उभं राहून त्यांनी एक टेंपो अडवला. अंगात खाकी पँट होतीच. टेंपोवाला घाबरून खाली उतरला, त्याने कागद काढले, दाजींनी ते उलटे धरून वाचले आणि "पुन्हा असं करू नकोस" अशी ताकीद दिली. काय करू नकोस ते त्यालाही कळलं नाही आणि यांनाही ठाऊक नव्हतं. एवढ्यात शेजारच्या चौक गावाहून खरा हवालदार सायकलवरून आला. आता दाजी आत जाणार म्हणून मी देवाचा धावा करणार होतो, पण आमच्या घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून तीही सोय राहिली नव्हती. हवालदाराने यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि चक्क सलाम ठोकला. दाजींनी तो स्वीकारला आणि वर त्याला सांगितलं, "टोपी सरळ घाल." त्याने घातली. घरी आल्यावर मी धुसफुसत म्हणालो, "दाजी, हे बरं नव्हे." ते शांतपणे म्हणाले, "अरं, त्याचा सलाम पाह्यलास? कोपर किती ढिलं! आमच्या डायरेक्टरनी त्याला दुसऱ्या मिनटाला काढला असता."

क्षयाच्या रोग्याचं काम मिळालं तेव्हा त्यांनी पंधरा दिवस खोकण्याची तालीम केली. ती इतकी साधली की शेजाऱ्यांनी पोरांना आमच्या आक्काच्या अंगणात पाठवणं बंद केलं, आणि आक्काने नेरळहून डॉक्टर बोलावला. डॉक्टरांनी छाती तपासली, पाठ ठोकली आणि फुप्फुसं उत्तम असल्याचं सांगितलं. हा निकाल दाजींना अपमानास्पद वाटला. "त्यांना काय समजतंय?" म्हणून ते अजून जोरात खोकले. शेवटी शूटिंगच्या दिवशी त्या खोकल्यात नायकाचं बोलणं ऐकू येईना, म्हणून त्यांना कॉटवर नुसतं निपचित पडून राहायला सांगण्यात आलं. म्हणजे फिरून मूळ धंद्यावर.

पण कळस झाला तो तारेच्या वेळी. पोस्टमनचं काम होतं आणि वाक्य एकच, "तार आहे!" हे वाक्य अकरा तऱ्हांनी म्हणता येतं असा शोध दाजींना लागला होता आणि घरातल्यांवर अकराही तऱ्हा करून झाल्या होत्या. तेव्हा नवा श्रोता हवा म्हणून ते भर दुपारी लोधिवलीला आले आणि आमच्या बंद दारावर थाप मारून बाहेरून, आवाज बदलून ओरडले, "तार आहे!" आमचा मोठा भाऊ तेव्हा पलटणीत होता. त्या काळात आमच्यासारख्या घरात तार एकाच कारणासाठी येई. आई तांदूळ निवडत होती. सूप हातातून सुटलं, आणि तिने जो हंबरडा फोडला तो ऐकून वाडीतली माणसं धावत आली. मी दार उघडलं तर बाहेर जावई उभे! झाला प्रकार समजल्यावर दुसरा कोणी माणूस असता तर तोंड लपवून पळाला असता. दाजी आत आले, आईच्या पाया पडले, पाणी प्यायले आणि अत्यंत आदराने म्हणाले, "आत्याबाई, ते सगळं झालं ते झालं. पन तो मदला हुंदका तेवढा परत एकदा घ्या की." आईने त्यानंतर वर्षभर त्यांच्याशी बोलणं टाकलं. तो हुंदका मात्र दाजींनी घेतलाच. पुढे एका सिनेमात मुलीच्या पाठवणीला उभ्या असलेल्या बापाचं काम त्यांनी केलं, तेव्हा टुरिंग टॉकीजच्या तंबूत बसलेल्या आमच्या आईने तो ओळखला आणि ती अंधारात मोठ्याने म्हणाली, "मेला! माजं रडनं चोरलं!"

त्यांचे सिनेमे बघणं ही आमच्या कुटुंबावर आलेली कामगिरी असे. तंबूत सिनेमा लागला की दाजी सगळ्यांना घेऊन जात, मधोमध बसत आणि पहिल्या रिळापासून कुजबुजत राहत, "आता बघा. आता नाय, अजून टाइम हाय. हां, आता!" एकदा नेमकं त्या "आता"ला आक्काला शिंक आली. शिंक संपेपर्यंत दाजी पडद्यावरून निघून गेले होते. तिने मान खाली घालून कबूल केलं, "मला नाय दिसलात." दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे तोच सिनेमा फिरून बघायला तंबूत बसलो होतो. नायकांविषयी त्यांना जी कीव वाटे ती तर वर्णन करण्यापलीकडची. "नायकाचं काय रं, सगळीकडं त्योच असतोय. गरीब असला तरी त्योच, राजा असला तरी त्योच. त्याला बिचाऱ्याला दुसरं कोनी व्हताच येत नाय." स्वतःचं नाव दर सिनेमात निराळ्या तऱ्हेने चुकलेलं असे, पण त्याचंही त्यांनी मोठेपणात रूपांतर केलं होतं. माणूस बदलतो तर नाव का बदलू नये, असा त्यांचा सवाल होता.

सर्वांत अवघड प्रसंग जानव्याने आणला. दाजींचे शब्दोच्चार इतके स्वच्छ होते (पडद्यावर म्हणतोय मी, घरी सगळा कारभार "हाय-नाय"चाच) की त्यांना भटजींची कामं फार येत. कर्जतच्या एका निवृत्त शास्त्रीबुवांकडे जाऊन ते मंगलाष्टकं शिकून आले होते आणि निदान चार नायक-नायिकांची लग्नं त्यांनी शास्त्रोक्त लावली होती. त्या कामाचं जानवं ते घरीच ठेवत, आणि घरात खुंटी एकच होती, ती बुद्धाच्या तसबिरीखाली. एका पौर्णिमेला वंदनेसाठी मंडळी जमली आणि विहाराच्या अध्यक्षांची नजर त्या खुंटीवर गेली. अध्यक्ष म्हणजे आमचे शाळामास्तर. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. गुरुजींचा चेहरा पांढराफटक पडला. दाजी म्हणाले, "ते व्हय? ते हत्यार हाय माजं. सुताराच्या घरात रंधा नसतो का?" आक्काने दुसऱ्याच दिवशी ते जानवं साबणाने धुऊन, घडी करून पिठाच्या डब्यामागे टाकलं.

मग टीव्ही आला. दाजींना नवं कुरण मिळालं. सिनेमात जो माणूस साडेतीन मिनिटांचा होता तो टीव्हीवर दर आठवड्याला दिसायला लागला: कधी भाडेकरू, कधी घरमालक, कधी कुणाचा अडाणी काका. वाडीतला पहिला टीव्ही अर्थातच त्यांच्या घरी आला, आणि तो येण्याचा हेतू जगाची माहिती मिळवणं हा नव्हता हे सगळ्यांना माहीत होतं. मध्ये माथेरानचा डोंगर आडवा, त्यामुळे चित्र कमी आणि मुंग्या जास्त. कौलांवर बांबूला बांधलेला अँटेना फिरवायची जबाबदारी माझी. खोपोलीच्या कागद कारखान्यात मी तेव्हा हजेरी कारकून होतो. सुटीच्या दिवशी बहिणीकडे विसाव्याला म्हणून जावं तर हे मला छपरावर चढवत. खालून आवाज येई, "थोडं डावीकडं! अरं, माजं नाक गेलं! उजवीकडं घे!"

तर अशा ह्या आमच्या दाजींना एका मालिकेत इनामदाराचं काम आलं. सहा भाग, प्रत्येक भागात भरपूर बोलणं. इतकं मोठं काम त्यांना कधीच मिळालं नव्हतं. जुन्या काळची गोष्ट होती, आणि पहिल्याच भागात प्रसंग असा होता की गावकुसाबाहेरचा एक तहानलेला माणूस विहिरीवर येतो आणि इनामदार त्याला पाणी न देता हाकलून लावतो.

ही बातमी पोशीरला पोचली आणि विहारात बैठक बसली. मीही होतो. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी मेव्हण्याच्या बाजूला नव्हतो, गुरुजींच्या बाजूला बसलो होतो.

"तुमाला दुसरं काम नव्हतं?" गुरुजींनी विचारलं.

"व्हतं की. पोस्टमनचं व्हतं. नाय घेतलं."

"आपल्यातल्याच मानसानं आपल्या मानसाला हिरीवरनं हुसकायचं, आनि ते सगळ्या मुलखानं बघायचं? लाज नाय वाटत?"

दाजी एरवी अशा वेळी वकील होत असत. एक हात छातीशी, एक हवेत. त्या दिवशी त्यांनी हात हलवला नाही. ते म्हणाले, "गुरुजी, मी नाय केलं तर कोन करंल? ज्यानं हे कदी डोळ्यांनी बघितलं नाय त्यो. त्यो मिशी पिळंल, डोळं वटारंल, राक्षसावानी आरडंल. बघनारे म्हनतील, असा मानूस असतोय का कुटं? आनि खरे व्हते ते सगळे सुटले!"

कोणाला ते पटलं, कोणाला नाही. मला तर अजिबात पटलं नाही. सहा भागांच्या मोहाला दाजींनी छान कपडे घातले, एवढंच मला वाटलं आणि मी तसं बोलूनही दाखवलं. आक्काने नवऱ्याशी अबोला धरला. तिचा अबोला म्हणजे ताट वाढायची, पण इतक्या जोराने ठेवायची की भाकरी उडायची. एकदा मात्र तिने विचारलं, "आबांना सांगितलंत?"

"नाय," दाजी म्हणाले.

आबा म्हणजे दाजींचे वडील. ऐंशीच्या घरातले, काटकुळे, दिवसभर ओट्यावर बसून सुतळी वळणारे. मुलगा मुंबईला जाऊन नक्की काय करतो याची त्यांनी कधी चौकशी केली नव्हती. त्यांच्या लेखी माणूस एकतर शेतात जातो नाहीतर कामाला जातो. तोंडाला रंग लावायला जाणं हे दोन्हींत बसत नव्हतं. तेव्हा न विचारणाऱ्याला सांगायचं कशाला, अशी सोयीस्कर वाट दाजींनी काढली होती.

शूटिंग आमच्याच लोधिवलीजवळ झालं. हमरस्त्यापासून थोडी आत एक जुनी, वापरात नसलेली विहीर होती. मी कारखान्यात रजा टाकून गेलो, ते मुख्यतः दाजींची फजिती बघायला. इनामदाराच्या पगडीत आणि उपरण्यात ते असे काही शोभत होते की मला चीड आली. तहानलेला माणूस झाला होता दादरचा एक कोवळा, गोरापान मुलगा. त्याला काळा रंग फासायला तासभर लागला. आडनावावरून पाहिलं तर त्या दोघांनी खरं तर कपडे अदलाबदल करायला हवे होते, पण हे तिथे मला आणि दाजींनाच ठाऊक होतं. मुलगा मोठा नम्र. त्याला ओंजळ धरता येत नव्हती. दाजी त्याच्याजवळ गेले, त्याचे हात हातात घेतले आणि सांगू लागले, "कोपरं खाली नको, तोंडाजवळ घे. वाक. अजून वाक. पाणी वरून पडणार, लांबून. भांडं तुझ्याजवळ येणार नाही, तूच त्याच्याखाली जायचंस. आणि वर बघायचं नाही."

"काका, तुम्हाला हे इतकं कसं माहीत?" त्याने भाबडेपणाने विचारलं.

ज्या माणसाने आपल्या ज्ञानाचा उगम सांगायची एकही संधी कधी दवडली नाही, तो म्हणाला, "वाचलंय कुठंतरी."

दिग्दर्शकांना प्रसंगात आरडाओरडा हवा होता. चाबूक आणून ठेवला होता. दाजींनी तो घेतला नाही. म्हणाले, "साहेब, एकदा माझ्या पद्धतीने बघा. नाही आवडलं तर चाबूक आहेच." कॅमेरा सुरू झाला. विहिरीच्या कठड्यावर बसून इनामदार आपल्या माळ्याशी आंब्याच्या कलमाविषयी बोलत होते. मुलगा येऊन लांब उभा राहिला, ओंजळ पुढे केली. इनामदारांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बोलणं न थांबवता त्यांनी डावा हात उचलला आणि कोंबडी हाकलावी तशी बोटांची पाठ दोनदा हलवली. बस. कलमाला शेण किती घालायचं ते पुढे चालू राहिलं. रस्त्यावरून ट्रक गेला, त्याचा भोंगा वाजला, तरी कोणी "कट" म्हणेना. दादरचा मुलगा ओंजळ तशीच धरून खरोखरचा रडायला लागला होता.

दाजींनी पगडी काढून माझ्याकडे दिली आणि विचारलं, "कसं झालं?" मी पगडीवरची धूळ झटकू लागलो. मेव्हण्याने मेव्हण्याची स्तुती करण्याची आमच्यात पद्धत नाही.

भाग दाखवायचा होता त्या संध्याकाळी दाजींच्या घरात पाऊल ठेवायला जागा नव्हती. गुरुजी आले होते, दाराशीच उभे राहिले. आबांची खाट नेहमीप्रमाणे टीव्हीच्या अगदी पुढ्यात. त्यांना लांबचं दिसत नसे. दाजींनी त्यांना ओट्यावर घेऊन जायचा दोनदा प्रयत्न केला, "आत गरम हुतंय, आबा," पण आबा उठले नाहीत. मी अँटेना नीट लावून खाली उतरलो, आणि नशीब बघा, आयुष्यात पहिल्यांदा त्या टीव्हीवर एकही मुंगी नव्हती.

विहीर आली. आंब्याचं कलम आलं. हात आला.

दाजी भिंतीला टेकून उभे होते, आणि तोंडावर कुठलीच भूमिका नसल्यामुळे ते जरा अनोळखीच दिसत होते.

आबा पडद्याकडे बघतच म्हणाले, "हात बरोबर हाय."

आबांनी मान वळवली. "असाच करायचे इनामदार. बोलनं पन नाय थांबवायचे. पन तुला कुटं दिसला ह्यो हात? तू तवा एवढासा व्हतास. माज्या खांद्यावर व्हतास."

"खांद्यावरनंच दिसला, आबा."

"मला वाटलं, तू झोपलास."

"नाय. जागा व्हतो."

आबांनी मान हलवली. पन्नासएक वर्षं त्या म्हाताऱ्याने स्वतःला समजावलं असणार की निदान पोराने तरी ते पाहिलं नाही. त्यांचा हात खाटेच्या कडेवरून चाचपडत मागे आला, आणि दाजींनी पुढे होऊन तो धरला. आक्का पदर तोंडाशी धरून आत निघून गेली. दाराशी बघितलं तर गुरुजी खाली मान घालून चष्मा पुसत होते.

तेवढ्यात दाजींची सहा वर्षांची नात, जी इतका वेळ तल्लीन होऊन बघत होती, वैतागून म्हणाली, "पन आजोबा, तुमी त्याला पानी का नाय दिलं? हीर तर भरलेली हाय!"

सगळे दाजींकडे बघायला लागले. कलेक्टर, न्यायाधीश, सिव्हिल सर्जन, चार लग्नं लावलेले भटजी. सगळ्यांची उत्तरं ज्या एका माणसापाशी होती त्याला काही सुचेना. शेवटी ते म्हणाले, "अगं, येडा व्हता त्यो इनामदार."

"येडाच व्हता," आबा म्हणाले, आणि त्यांना हसू आलं. दात नसलेलं ते हसू घरभर पसरलं. नात मात्र हसली नाही. असल्या वेड्या माणसाचं काम आजोबांनी घ्यायलाच नको होतं, असं तिचं मत पडलं.

मी त्या दिवशी तिथेच राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी अंगणात दाढी करत होते. आबा ओट्यावर सुतळी घेऊन बसले होते. वळता वळता, मान वर न करता त्यांनी विचारलं, "आज काय हाय तुजं?"

दाजींचा वस्तरा थांबला. तीस वर्षांत आबांनी हे पहिल्यांदा विचारलं होतं. मला ठाऊक होतं की त्या दिवशी दाजींना काहीही काम नव्हतं. उलट दळण आणायचं होतं. दाजी म्हणाले, "आज राजा हाय, आबा."

"राजा?"

"व्हय. मोठा राजा."

"बरं," आबा म्हणाले. "डबा घेऊन जा. राजे लोक काय येळंवर जेवायला देत नसतील."

आक्काने डबा भरला. दाजींनी इस्त्रीचा सदरा घातला, केस बसवले आणि सायकलला टांग मारून निघून गेले. मी दुपारच्या पाळीला म्हणून नेरळ स्टेशनवर आलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. फलाटाच्या अगदी टोकाला, झाडाखालच्या बाकावर दाजी बसले होते. मांडीवर डबा.

"हे काय?" मी म्हणालो. "राजवाडा एवढ्यात सुटला?"

"आबांनी इचारलं रं," ते म्हणाले. "काय नाय, असं कसं सांगनार?"

एरवी मी काहीतरी खोचक बोललो असतो. तोंडात आलंही होतं. पण मी बाकावर बसलो. त्यांनी डबा उघडला, तांदळाच्या भाकरीचे दोन तुकडे केले आणि मोठा माझ्याकडे सरकवला. कर्जतची गाडी आली, थांबली आणि गेली. मी पुढच्या गाडीने जायचं ठरवलं. संध्याकाळपर्यंत त्यांना घरी जाता येणार नव्हतं, आणि राजाला इतका वेळ एकटं बसवणं बरं दिसलं नसतं.